घोडं पेंड खातं ते पेलोडपाशी : हॉर्स ट्रेलरसाठी ट्रक निवडताना

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को-प्रॉस्पर भागातल्या मराठी घरांत भरतनाट्यम, रोबोटिक्स आणि टेनिसच्या जोडीला आता घोडेस्वारीही शिरली आहे. कारण साधं आहे. हायवे ३८० ओलांडून ऑब्री, पायलट पॉइंटकडे निघालं की डेंटन काउंटीतल्या पागाच पागा लागतात. शनिवारच्या तासाभराच्या क्लासवर भागत होतं तोवर आमचं मिनीव्हॅनमध्ये निभावलं. मग लेकीसाठी घोडी घेतली. पाठोपाठ गावोगावचे घोडेस्वारीचे शो आले, पागेचा घोडे न्यायचा ट्रेलर दर वेळी मोकळा मिळेना, आणि एके दिवशी जेवणाच्या टेबलावर ‘आपणच ट्रक घेऊ या का?’ हा प्रश्न पडला.

पहिला ट्रक मी चुकीचा घेतला. रंग छान, सीटा चामड्याच्या, आणि विक्रेत्याच्या तोंडी एकच वाक्य: ‘अकरा हजार पौंड ओढतो.’ ते वाक्य खोटं नव्हतं. फक्त माझ्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. दुसरा ट्रक घ्यायच्या आधी जे शिकलो ते इथे क्रमाने मांडतो. (इथे ट्रक म्हणजे पिकअप. आपल्याकडे ट्रक म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं ते नव्हे. आपल्याकडे घोडा नेतातही वेगळा. सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेलं जनावर मालट्रकच्या हौद्यात चढवून घरी आणतात, मागे ट्रेलर जोडून नाही.)

आधी ट्रेलर ठरवा

बहुतेक जण आधी ट्रक घेतात आणि मग त्याला साजेसा ट्रेलर शोधतात. हे उलटं आहे. किती घोडे न्यायचे, किती लांब, आणि रात्री ट्रेलरमध्ये झोपायचं आहे का, या तीन उत्तरांवर ट्रेलर ठरतो आणि ट्रेलरवर ट्रक.

ट्रेलरचे मुख्य प्रकार दोन. बंपर-पुल म्हणजे ट्रकच्या मागच्या हिचला, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या लोखंडी जोडणीला, जोडायचा. दोन घोड्यांचा असा ट्रेलर रिकामा साधारण २,५०० ते ४,००० पौंड भरतो. अॅल्युमिनियमचा असला आणि खोगीर ठेवायला पुढे छोटी खोली असली, तर तीन-साडेतीन हजारांच्या आसपास. दुसरा गूसनेक. त्याची मान ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या जरा पुढे बसवलेल्या बॉलवर, म्हणजे लोखंडी गोळ्यावर, टेकते. तो जास्त स्थिर चालतो आणि कमी हेलकावतो, पण त्याला हौद्यात बॉल बसवलेला ट्रक लागतो आणि तो हौदा मग सामानाला फारसा उरत नाही. तीन घोडे आणि पुढे झोपायची खोली असलेला गूसनेक भरला की बारा-पंधरा हजार पौंडांपर्यंत सहज जातो.

आमच्यासारख्या एक-दोन घोड्यांच्या घराला बंपर-पुल पुरतो. गूसनेकचा मोह शोच्या मैदानावर होतो, तिथे सगळ्यांचे तसलेच उभे असतात म्हणून. आपली लेक महिन्यातून एकदा चाळीस मैल जाणार असेल तर तो मोह आवरावा.

कागद घ्या, बेरीज करा

ट्रेलरवर दोन आकडे असतात: रिकामं वजन आणि जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरून जास्तीत जास्त किती व्हावं याची बनवणाऱ्याने घातलेली मर्यादा. दोन घोड्यांच्या बंपर-पुलला ही मर्यादा बऱ्याचदा ७,००० पौंड असते. या दोन आकड्यांच्या मधलं आपलं खरं वजन काढायचं. आमचं असं निघालं:

रिकामा ट्रेलर ३,३०० पौंड. आमची क्वार्टर हॉर्स जातीची घोडी १,१०० पौंडांची, म्हणजे ५०० किलो. तिच्यासोबत जाणारा पागेतला घोडा १,१५०. पाण्याची टाकी १५ गॅलनची. गॅलनभर पाणी ८.३४ पौंड भरतं, म्हणजे टाकीचे सव्वाशे. सुक्या गवताचे दोन गठ्ठे १००. दोन खोगिरं, लगाम, घोंगड्या, खरारे असं सगळं १२०. बादल्या, फावडं, प्रथमोपचाराची पेटी, सुटं चाक काढायची हत्यारं वगैरे ६५. एकूण ५,९६० पौंड.

घोड्याचं वजन डोळ्यांनी ठरवू नका. वॉर्मब्लड जातीचा उंच घोडा १,३००-१,४०० पौंडांचा असतो आणि त्याच्याशेजारी क्वार्टर हॉर्स बुटका दिसतो. पशुवैद्याकडे काटा असतो. नसलाच तर खाद्याच्या दुकानात वजनाची फीत मिळते. ती छातीभोवती गुंडाळली की बऱ्यापैकी अंदाज येतो.

दाराच्या चौकटीवरचं स्टिकर

घोडं पेंड खातं ते इथे.

आमच्या पागेची मालकीण टेक्सन बाई, साठीची. माझा नवा ट्रक बघायला ती बाहेर आली. मी कौतुकाने अकरा हजारांचा आकडा सांगितला. तिने काही न बोलता चालकाचं दार उघडलं आणि चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर बोट ठेवलं. माणसं आणि सामान मिळून १,४२० पौंडांच्या वर जाऊ नये, असं तिथे लिहिलेलं होतं. हाच पेलोड. ट्रकच्या पाठीवर किती ठेवता येईल त्याचा हा आकडा, आणि तो त्या मॉडेलचा सरसकट नसून त्या एका ट्रकचा असतो. शेजारी उभ्या असलेल्या तशाच ट्रकवर वेगळा असू शकतो, कारण सनरूफ, चारचाकी ड्राइव्ह, मोठी केबिन असं जे काही वाढतं ते पेलोडमधून वजा होतं. भरलेली टाकी त्यात आधीच धरलेली असते. विक्रेत्याने नंतर लावून दिलेली पायरी, हौद्याचं झाकण, अस्तर ही खोगीरभरती मात्र धरलेली नसते.

आता म्हणाल, ट्रेलर तर मागे ओढायचा आहे, पाठीवर कुठे ठेवायचा? बैलगाडी आठवा. मागे जास्त भरलं तर गाडी उलाळते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उठतं. सगळं पुढे भरलं तर ओझं बैलांच्या मानेवर येतं. चांगला गाडीवान थोडं वजन जुवावर राहील असंच भरतो. ट्रेलरचंही तसंच. बंपर-पुलच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर यावा लागतो. याला टंग वेट म्हणतात. तो १० टक्क्यांच्या खाली गेला तर हमरस्त्यावर ट्रेलर शेपूट हलवू लागतो, आणि आत दोन घोडे असताना हे फार वाईट. गूसनेकमध्ये हा भार आणखी जास्त, साधारण २० ते २५ टक्के.

आणि हा भार पूर्णपणे पेलोडमधून जातो. आमचं गणित: चौघांचं वजन ५५०, हिचचं लोखंड ९०, हौद्यातली पेटी ८०, म्हणजे ७२०. १,४२० मधून ते वजा केले की ७०० उरतात. ५,९६० चे १३ टक्के जवळजवळ ७८०. ओढायची ताकद अकरा हजार आणि ट्रेलर सहा हजारांचा, तरी ट्रक ८० पौंडांनी जास्त भरलेला!

८० पौंड म्हणजे धाकट्याला घरी ठेवलं की प्रश्न सुटला, असं मीही म्हटलं. पण उद्या वजनदार घोडा आला, लेकीची मैत्रीण सोबत आली की पुन्हा तेच. मी आता सगळी बेरीज केल्यावर २० टक्के मोकळे सोडतो. घोडा हे पोतं नव्हे. तो पाय बदलतो, मागे रेलतो, दुसऱ्याला लाथ घालतो, आणि त्याचं वजन उंचावर असतं. ट्रक त्याच्यासकट स्थिर राहायला हवा.

जाहिरातीतला आकडा कुठून येतो तेही सांगतो. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेची जे२८०७ नावाची चाचणी आहे. २०११ च्या टुंड्रासाठी टोयोटाने ती आधी स्वीकारली आणि बाकीच्या कंपन्या काही वर्षांनी आल्या. त्यात अॅरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळची साडेअकरा मैलांची चढण १०० अंश फॅरनहाइटच्या उन्हात ठरावीक वेगाच्या खाली न जाता चढायची असते. चाचणी प्रामाणिक आहे. पण ट्रकमध्ये माणसं धरली आहेत दोन, प्रत्येकी १५० पौंडांची. शिवाय जाहिरातीत सर्वांत मोठा आकडा ज्या मांडणीचा येतो तीच छापतात, आणि ती बऱ्याचदा कुटुंबाने घ्यायची नसते.

अर्धा टन, पाऊण टन, एक टन

ही नावं जुन्या काळच्या पेलोडवरून पडली. आज त्यांचा टनाशी संबंध उरलेला नाही, पण बाजारात बोलतात याच नावांनी. एफ-१५०, सिल्व्हराडो १५००, रॅम १५००, टुंड्रा हे अर्धा टन. एफ-२५० आणि २५०० आकड्याचे पाऊण टन. एफ-३५० आणि ३५०० एक टन. त्यातल्याच काहींना मागे चार चाकं असतात, त्यांना ड्युअली म्हणतात.

दोन घोडे, बंपर-पुल, सपाट प्रदेश, ट्रकमध्ये दोन माणसं: अर्धा टन चालेल, पण स्टिकर बघून निवडलेला. १,८०० पौंडांच्या वर पेलोड असलेला अर्धा टन मिळतो. त्यासाठी चामड्याच्या सीटा आणि काचेचं छप्पर सोडावं लागतं, इतकंच. कुटुंब चौघांचं असेल, डोंगरात जायचं असेल किंवा घोडे थोराड असतील तर सरळ पाऊण टनावर जा. आमचा दुसरा ट्रक पाऊण टनाचा, पेट्रोलचा, पेलोड २,९०० च्या पुढे. रिकामा असताना तो आतल्या माणसाचे दात वाजवतो. ट्रेलर जोडला की मात्र कमळाच्या पानासारखा शांत.

पाऊण टनात एक मेख आहे. यातल्या बऱ्याच ट्रकांची एकूण वजनाची मर्यादा कागदोपत्री १०,००० पौंडांवर ठेवलेली असते, कारण त्याच्या वर गेलं की काही नियम आणि शुल्क बदलतात. डिझेल इंजिन पेट्रोलच्या इंजिनापेक्षा काहीशे पौंड जड. मर्यादा तीच, इंजिन जड, म्हणून डिझेलच्या पाऊण टनाचा पेलोड पेट्रोलवाल्यापेक्षा हजार पौंडांनीसुद्धा कमी भरू शकतो. बारा हजार पौंडांच्या गूसनेकची मान ट्रकवर चोवीसशे टेकवणार. दोन हजारांचं स्टिकर असलेला दिमाखदार डिझेल ट्रक त्याला पुरत नाही. गूसनेक घेणार असाल तर एक टन बघा. पाऊण आणि एक टनातला किमतीचा फरक बहुधा फार नसतो, ट्रकचा आकारही तोच.

मोठ्या एसयूव्हीने ओढू का, असं बरेच विचारतात. ओढते, पण पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर कमी आणि पेलोड कमी. मी नाही करणार. विजेवरच्या पिकअपमध्ये ताकद भरपूर असते. पण मागे ट्रेलर लागला की पल्ला जवळपास निम्मा होतो, आणि बहुतेक चार्जिंगच्या जागा नाक आत घालून उभं राहायच्या. घोड्यांसकट ट्रेलर सोडून चार्जिंगला कोण जाणार?

इंजिन आणि दात

टेक्सासच्या सपाटीवर पेट्रोलचं व्ही-८ किंवा टर्बो व्ही-६ पुरेसं आहे. डिझेलची खरी कमाई उतारावर दिसते. त्यातल्या एग्झॉस्ट ब्रेकमुळे ट्रकच्या ब्रेकवर पाय न ठेवता वेग धरून ठेवता येतो. कोलोराडोत आय-७० वर आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. तिथे टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के दम गमावतं, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याची ताकद गेलीच. वर्षातून चार वेळा तिकडे जाणार असाल तर डिझेल घ्या. नाहीतर ते जास्तीचे हजारो डॉलर, धूर स्वच्छ करायला लागणारं डीईएफ द्रावण आणि महागडी फिल्टरं कशाला?

त्यापेक्षा मागच्या आसाचं, म्हणजे त्यातल्या चक्रांच्या दातांचं, गुणोत्तर विचारा. ३.३१, ३.५५, ३.७३, ४.१० असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितकं ओढणं सोपं आणि इंधन थोडं जास्त. एकाच मॉडेलमध्ये या एका आकड्याने ओढायची क्षमता दोन-तीन हजार पौंडांनी बदलते. विक्रेत्याला बहुधा माहीत नसतो. आमच्या विक्रेत्याने तर ‘सगळ्यांना सारखाच असतो’ असं ठोकून दिलं होतं.

हिच, ब्रेक, वायर

ट्रकच्या खाली वाकून हिचवरचं लेबल वाचा. अनेक अर्धा टन ट्रकांवर तिथे दोन ओळी असतात: नुसत्या बॉलवर ५,००० पौंडांचा ट्रेलर आणि ५०० टंग वेट, आणि वजन विभागणारी हिच लावली तर त्याच्या दुपटीच्या आसपास. मागे भार पडला की ट्रकचं नाक उचललं जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगतं. वजन विभागणाऱ्या हिचच्या स्प्रिंगच्या दांड्या तो भार पुन्हा पुढे ढकलतात. आपला ट्रेलर या हिचला चालतो का, ते ट्रेलर बनवणाऱ्याला आधी विचारा.

बॉलचा आकार ट्रेलरच्या कपलरवर, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या टोपीवर, कोरलेला असतो, दोन इंच किंवा दोन पूर्णांक पाच सोळांश. दोन इंचाच्या बॉलवर मोठा कपलर बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात उडी मारून सुटतो. यात अंदाज नको.

ट्रेलरला स्वतःचे विजेवरचे ब्रेक हवेत आणि ट्रकमध्ये त्यांचा कंट्रोलर. कारखान्यातूनच बसवलेला असला तर उत्तम. बाहेरून बसवत असाल तर प्रपोर्शनल प्रकारचा घ्या. तो ट्रक जितका जोरात थांबतो तितकाच जोर ट्रेलरला देतो. स्वस्त, नुसत्या वेळेच्या हिशेबाने चालणारे कंट्रोलर ठरावीक झटका देतात आणि तो झटका घोड्याच्या गुडघ्यांना बसतो. कंट्रोलरवर हाताने दाबायची कळ असते. ट्रेलर शेपूट हलवू लागला तर ट्रकचा ब्रेक दाबायचा नाही. अॅक्सिलरेटर सोडायचा आणि ही कळ हळूच दाबायची. ट्रक घेतल्या दिवशी ती कुठे आहे ते बोटांना पाठ करून ठेवा.

शिवाय सात टोकांची वायरची जोडणी, ट्रेलरच्या बाजूने दिसेल असे बाहेर ओढता येणारे आरसे, गिअरबॉक्सचा कूलर. ‘टो पॅकेज’ (ओढण्यासाठीची जोडसामग्री) म्हटलं की हे सगळं असेलच असं नाही. एकेक बघून खूण करा.

जुना ट्रक बघायला जाताना

ईशान्येकडच्या राज्यांतून आलेला असेल तर आधी खाली वाका. बर्फावर टाकलेल्या मिठाने खालचा सांगाडा (चासी) गंजतो आणि वरून रंग चकचकीत राहतो. हौद्यात मधोमध भोक दिसलं तर आधीच्या मालकाने गूसनेक ओढलेला आहे. वाईट नाही, पण काय आणि किती ओढलं ते विचारा. गिअरबॉक्सचं तेल काळं आणि करपल्या वासाचं असेल तर घरी परत या. टायर एलटी (लाइट ट्रक) प्रकारचे आहेत का, की गाडीसारखे मऊ, तेही बघा. टायरच्या कडेवर डीओटीच्या पुढे शेवटचे चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांत बदलायचे. उन्हात उभे राहून ते आतून मरतात.

आणि कागदपत्रं. ट्रक आणि ट्रेलरची मिळून मर्यादा २६,००० पौंडांच्या वर आणि ट्रेलर १०,००० च्या वर असेल तर व्यावसायिक परवान्याचा प्रश्न येतो. ट्रेलरच्या ब्रेकचे नियम राज्याराज्यात वेगळे. घोडा राज्याबाहेर नेताना कॉगिन्स चाचणी (घोड्यांच्या एका संसर्गजन्य रोगासाठीची रक्ततपासणी) आणि आरोग्य प्रमाणपत्र लागतं. रस्त्यावर मदत देणाऱ्या नेहमीच्या योजना बऱ्याचदा घोड्यांसकट ट्रेलरला हात लावत नाहीत. वर्गणी भरण्याआधी स्पष्ट विचारा.

शेवटी काटा

हे सगळं कागदावर झालं. खरं कळतं ते मालट्रकांच्या थांब्यावरच्या कॅट स्केलवर, म्हणजे वजनकाट्यावर. तिथे लांब तीन पट्ट्या असतात. पुढची चाकं पहिलीवर, मागची दुसरीवर, ट्रेलर तिसरीवर. आधी नुसता ट्रक, टाकी भरून आणि नेहमीची सगळी माणसं बसवून तोला. मग ट्रेलर आणि घोडे जोडून पुन्हा.

आमच्या पहिल्या ट्रकची ती पावती मी जपून ठेवली आहे. नुसता ट्रक: पुढे ३,३००, मागे २,७७०, एकूण ६,०७०. ट्रेलरसकट: पुढे ३,०५०, मागे ३,८००, एकूण ६,८५०, आणि ट्रेलरच्या चाकांवर ५,१८०. दोन बेरजांमधला फरक ७८०, तेच टंग वेट. पुढच्या चाकांवरून अडीचशे पौंड उडाले, म्हणूनच स्टिअरिंग हातात लोण्यासारखं फिरत होतं. ट्रकची एकूण वजनाची मर्यादा होती ६,७७०.

नवा ट्रक आला की पहिले दोन रविवार रिकामा ट्रेलर जोडून चर्चच्या मोकळ्या पार्किंगमध्ये फिरवा, रिव्हर्स घ्या. रिव्हर्स घेताना स्टिअरिंगचा खालचा भाग धरा. हात डावीकडे नेला की ट्रेलर डावीकडे जातो. मग घोडा चढवा. एकच असेल तर शेजारी-शेजारी दोन खण असलेल्या ट्रेलरमध्ये तो डाव्या, चालकाच्या बाजूच्या खणात. दोन असतील तर जड तो डावीकडे, कारण रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. पहिल्या फेरीत कोणी घाई करत असेल तर त्याला दुसऱ्या गाडीने पाठवा. आमच्याकडे ते काम मिनीव्हॅन अजून करते.